डावीकडे कललेली सोयरीक

हंबीरराव इंगवल्यांची गाडी डावीकडे कलली आहे, हे फुलेवाडीच्या त्या गल्लीत सगळ्यांना दिसत होतं आणि कोल्हापूरच असल्यामुळे प्रत्येकाने ते येऊन सांगितलंही होतं. दूधवाला सांगून गेला. इस्त्रीवाला सांगून गेला. समोरच्या धोंडुबाईंनी तर वरच्या मजल्यावर कपडे वाळत घालता घालता सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "हंबीरराव, तुमच्या गाडीच्या कंबरंत उसण भरलीया काय?" सांगितलं नव्हतं ते फक्त दोघांनी. शनिवारी संध्याकाळी गडहिंग्लजहून आलेले व्याही चन्नाप्पा आणि विहीणबाई शांतव्वा यांनी.

त्या दोघांना तर रात्री मुद्दाम गाडीतच झोपवलं होतं. मान म्हणून. ती मूळची रात्रीची लक्झरी बस. उभा जन्म शिरोळ भागात ट्रॅक्टर विकण्यात घालवलेल्या हंबीररावांनी निवृत्तीनंतर ती घेतली, आतल्या खुर्च्या काढून पलंग, ओटा, कपाटं, न्हाणीघर बसवलं आणि तिला मोटारहोम म्हणू लागले. गल्ली तिला घरगाडी म्हणायची. पलंग उत्तम होता. फक्त त्यावर झोपलेला माणूस हळूहळू डाव्या भिंतीकडे सरकत जायचा.

"झोप लागली न्हवं, पावणं?" रविवारी सकाळी हंबीररावांनी विचारलं.

"लागली की. लई गाढ," चन्नाप्पा म्हणाले. त्यांच्या डाव्या गालावर खिडकीच्या पट्टीचा वळ स्पष्ट उमटला होता.

"आणि विहीणबाई तुमाला?"

"मला तर जागच आली न्हाई," शांतव्वा म्हणाल्या. त्या रात्रभर नवऱ्याला भिंतीशी दाबत होत्या आणि त्याची त्यांना लाज वाटत होती.

दोन्ही घरांचं हे असं वर्षभर चाललं होतं. हंबीररावांचा सम्राट आणि चन्नाप्पांची रक्षिता पुण्यात एकाच कंपनीत. त्यांनी लग्न ठरवलं तेव्हा दोन्हीकडे थोडी धुसफूस झाली, कारण एक घर तांबड्या रश्श्याचं आणि दुसरं अंड्यालाही न शिवणारं. पण पोरं गुणी होती, त्यामुळे लग्न नीट पार पडलं. मात्र त्यानंतर दोन्ही घरांनी एकमेकांशी इतकं जपून वागायला सुरुवात केली की भेट झाली तरी कोणी कोणाला भेटल्यासारखं वाटत नसे. चार माणसं समोरासमोर बसायची, एकमेकांना आग्रह करायची आणि उठायची. शेवटी रक्षितानेच हट्ट धरला की चौघांनी मिळून कुठेतरी जाऊन यावं. जोतिबाला नारळ दोन्ही घरांचा असतो, म्हणून जोतिबा ठरला. हंबीररावांनी घरगाडीची घोषणा केली आणि मग गाडी कलली.

ही गाडी स्प्रिंगच्या पाट्यांवर नव्हे, हवेच्या फुग्यांवर उभी राहायची. मागच्या चाकांजवळ दोन्ही बाजूंना एकेक छोटा व्हॉल्व्ह आणि त्याला वीतभर दांडी. गाडी दबली की दांडी वर ढकलली जाते आणि फुग्यात हवा शिरते. गाडी जास्त उचलली गेली की दांडी खाली येते आणि हवा सुटते. माणसं चढोत की उतरोत, गाडी आपली एका उंचीवर. यातला डावा व्हॉल्व्ह म्हातारा झाला होता. हंबीररावांनी दोन्ही बाजूंचे नवे आणूनही ठेवले होते, पण ते बसवणारा ओळखीचा मेकॅनिक ऐन वेळी साडूच्या वास्तुशांतीला निघून गेला.

"त्यात काय हाय एवढं," हंबीरराव नाश्त्याच्या आधीच म्हणाले. "मी व्हिडिओ बघितलाय. एक गोरा माणूस घराच्या दारात बसवतोय. दोन बोल्ट, एक नळी. जेवढा येळ तुमी आंघोळी करणार तेवढ्यात झालं."

"अहो, तुमी ट्रॅक्टर विकलासा. कधी खोललासा काय?" हंबीररावांच्या पत्नी आक्काताई हे स्वयंपाकघरातून बोलल्या. पण पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून इतक्या हळू बोलल्या की हंबीररावांनाही ते ऐकू न आल्यासारखं करता आलं.

गाडी घराच्या कट्ट्याला लागून उभी होती. हंबीररावांनी जॅक लावून ती मागून उचलली, खाली लाकडी ठोकळे दिले आणि सतरंजी अंथरून आत शिरले. पाठोपाठ पांढऱ्याशुभ्र शर्टात चन्नाप्पाही वाकले.

"पावणं, तुमी बसा की वर. कापडं खराब हुत्याल."

"न्हाई री, बसून तरी काय करू? पाना देतो की."

चन्नाप्पांचं गडहिंग्लजला पाण्याच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान होतं. व्हॉल्व्ह त्यांनी आयुष्यभर पाहिले होते, पण आज ते मुलीचे वडील म्हणून आले होते.

उजवा व्हॉल्व्ह व्हिडिओत होता तसा बसला. गोऱ्या माणसाने पुढे सांगितलं होतं की दुसऱ्या बाजूलाही असंच करा. हंबीररावांनी तसंच केलं. अगदी तसंच. दांडीचं तोंडसुद्धा त्याच दिशेला. डावी बाजू म्हणजे उजवीची आरशातली जोडीदार, तिथे दांडी उलटी यायला हवी, हे त्या माणसाने बोलून दाखवलं नव्हतं.

चन्नाप्पा काढलेला जुना व्हॉल्व्ह हातात घेऊन बसले होते. त्यांनी तो सुलटा धरून पाहिला, उलटा धरून पाहिला, मग नव्याकडे पाहिलं आणि खोकले.

"काय म्हणालासा?" हंबीररावांनी विचारलं.

"काय न्हाई. जुना माल वजनाला चांगला असतोय."

खरं तर हंबीररावांनाही शेवटचा बोल्ट आवळताना काहीतरी खटकलं होतं. दांडीला आसाशी जोडणारी जोडकाठी जरा ओढूनताणून बसली होती. पण व्याह्यासमोर खोलायचं आणि परत लावायचं म्हणजे आपल्याला येत नाही असं सांगण्यासारखं झालं असतं. त्यांनी मधला मार्ग काढला.

"कसं वाटतंय, पावणं? काय शंका असली तर सांगा हां. संकोच नको."

"झकास," चन्नाप्पा म्हणाले. "कंपनीत बसवल्यागत."

झालं. हंबीररावांनी इंजिन चालू केलं, हवा भरली, ठोकळे काढले. आता गाडीची डावी बाजू उजवीपेक्षा चांगली वीतभर वर गेली होती.

"आता जरा उचललीया," हंबीरराव लांबून डोकं तिरकं करून म्हणाले. "नवा माल हाय. बसंल."

"बसंल की," चन्नाप्पांनीही डोकं तिरकं केलं.

इंजिन बंद करून सगळे नाश्त्याला बसले. व्याह्यांकडे शाकाहार, म्हणून आक्काताईंनी पनीरची भुर्जी केली होती. रात्री पनीर मसाला होता. दिवाळीला आले होते तेव्हाही पनीरच होतं. चन्नाप्पांनी दोनदा घेतलं, तिसऱ्यांदा आक्काताईंनी वाढलं.

नाश्ता होईपर्यंत उलटी लावलेली दांडी घेऊन गाडी गप्प उभी होती. टाकीतली हवा थोडी थोडी गळत होती आणि डावी बाजू हळूहळू खाली येत होती. हात धुऊन हंबीरराव बाहेर आले तेव्हा गाडी सरळ होती. ओळंबा लावावा इतकी सरळ. त्यांनी आत जाऊन ओट्यावर ताटात पाणी ओतलं आणि सगळ्यांना खिडकीतून दाखवलं. पाणी कुठेही झुकत नव्हतं. समोरच्या गॅलरीकडे त्यांनी एकदा मुद्दाम पाहिलं, पण धोंडुबाई नेमक्या आत होत्या. मग त्यांनी इंजिन परत चालू केलं आणि खाली उतरून दाराशी उभे राहिले.

"चला विहीणबाई, पयला पाय तुमचा."

शांतव्वा अंगाने भरलेल्या होत्या. चांगल्या घरची, चांगलं खाल्लेली, चालली तर जमिनीलाही कळावं अशी बाई. त्यांनी पदर सावरला, देवाचं नाव घेतलं आणि पायरीवर पाय ठेवला. मागोमाग चहाचा डबा घेऊन काटकुळ्या आक्काताई चढल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

गाडीखालून आवाज आला. स्सस्स्स.

डावी बाजू खाली गेली. थांबेल असं वाटलं, पण थांबली नाही. नीट लावलेली दांडी असती तर तिने हवा भरली असती. ही उलटी होती, ती दबली जाताच हवा सोडत सुटली. गाडी म्हैस बसावी तशी डावीकडे बसली, बसताना दाराची खालची कड कट्ट्यावर टेकली आणि दार घट्ट रुतलं. आत ताट ओट्यावरून घसरून पडल्याचा आवाज झाला.

विहीणबाई चढल्या आणि गाडी बसली, हे चौघांनाही दिसलं होतं. बोलायला दुसरं काही सुचतही नव्हतं आणि ते तर बोलणं शक्यच नव्हतं.

"माझाच पाय जरा जोरात पडला," आतून आक्काताई म्हणाल्या.

"न्हाई न्हाई, वारा हाय आज," हंबीरराव म्हणाले. एक पान हलत नव्हतं.

"दार उघडंना, यव्वा," आतून शांतव्वांचा बारीक आवाज आला.

हंबीररावांनी दार ओढलं. चन्नाप्पांनी ओढलं. दोघांनी मिळून ओढलं. दुसरं दार नव्हतं. ड्रायव्हरच्या बाजूचं दार काढून हंबीररावांनी तिथे मोठ्या हौसेने कपाट करून घेतलं होतं. मागे एक संकटकाळची खिडकी होती. तिच्यातून आक्काताई सहज उतरल्या असत्या. पण विहीणबाई त्या खिडकीतून, असा विचार हंबीररावांच्या मनात आला आणि त्यांनी तो घाईने परत पाठवला.

"असं करा," ते म्हणाले, "दोघीबी उजव्या बाजूला सरकून बसा."

आत पावलं वाजली. गाडी हलली नाही. उजवीकडे बसूनही उपयोग होत नाही म्हटल्यावर शांतव्वांना आणखी वाईट वाटलं. त्या खिडकीशी येऊन गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "मी काल रात्रीपास्नं फक्त दोनच भाकरी खाल्ल्या हैत."

"अहो विहीणबाई, भाकरीचा काय संबंध," हंबीरराव घायकुतीला येऊन म्हणाले. "हे मेकॅनिकल हाय."

एव्हाना गल्ली जमली होती. इस्त्रीवाल्याचं मत पडलं की कट्टा फोडावा. एकाने दार फोडावं असं सुचवलं. इंजिन बंद करा, निदान आवाज तरी थांबेल, असं तिसरा म्हणाला, तेव्हा आक्काताईंनी पुढे जाऊन किल्ली फिरवली. त्या शांततेत समोरच्या गॅलरीचं दार उघडलं आणि धोंडुबाई बाहेर आल्या. त्यांनी गाडी पाहिली, खिडकीतल्या शांतव्वा पाहिल्या आणि इतका वेळ सगळ्यांनी जिवापाड सांभाळलेली गोष्ट एका दमात सांगून टाकली.

"त्यात काय कळंना झालंय रं तुमाला? जाड बाई चढली, गाडी बसली."

खिडकीतला चेहरा आत गेला.

हंबीररावांना वाटलं, आता संपलं. सम्राटचा संसार, रक्षिताचा हट्ट, जोतिबा, सगळं या बाईने गॅलरीतून खाली टाकलं. ते चन्नाप्पांकडे वळले आणि माफी मागायला त्यांनी हातही जोडले. पण चन्नाप्पा त्यांच्याकडे बघत नव्हते. त्यांची मान लाल झाली होती.

"ओ मावशी," ते वर बघून म्हणाले, "माझ्या बायकोनं कायबी केलेलं न्हाई. ह्या माणसानं दांडी उलटी लावलीया."

हंबीररावांचे जोडलेले हात तसेच राहिले. "काय?"

"उलटी. जुन्या व्हॉल्व्हाची दांडी मागं होती. तुमी पुढं लावलीसा. गाडी दबली की हवा भरायची सोडून हवा सोडायलीया ती."

"तुमाला कवा कळलं?"

"तुमी लावत हुतासा तवाच."

"मग बोललासा का न्हाई? मी इचारलं तुमाला. संकोच नको म्हणालो. तुमी म्हणालासा झकास."

"मग काय म्हणू? पोरगी दिलीया तुमच्या घरात. सकाळच्या पारी येऊन जावयाच्या बापाची चूक काढू?"

"काढायची की. गाडी बसस्तवर वाट बघायची व्हय?"

"आनि तुमी तरी व्हिडिओ बघून कशाला बसवतासा? उद्या व्हिडिओ बघून दात काढशीला माझा."

गल्ली एक पाऊल पुढे सरकली. हंबीररावांना हे थांबवावं असं वाटत होतं, पण तोंड ऐकत नव्हतं. वर्षभर घट्ट झाकून ठेवलेलं झाकण उडालं होतं.

"रात्री झोप लागली म्हणून सांगितलासा. खोटं बोलता व्हय माझ्याशी?"

"झोप? रातभर भिंतीला चिकटून पडलोय मी. पाल बरी."

"मग सांगायचं न्हाई?"

"आनि पनीर," चन्नाप्पा म्हणाले. ते आता कोणत्याही दिशेला निघाले होते. "एक वरीस झालं, तुमच्याकडं आलो की पनीर. सकाळी पनीर, रातीला पनीर. मला पनीर आवडत न्हाई. जलमात आवडलं न्हाई. आमी शाकाहारी हाय, पनीराहारी न्हाई. वांगं मिळत न्हाई व्हय कोल्हापुरात?"

"आनि तुमच्याकडं काय हुतंय?" हंबीररावही तापले. "तुपात बुडवलेल्या पुरणाच्या होळग्या. एक खाल्ली की दुसरी, दुसरी की तिसरी. मला शुगर हाय, पावणं. तुमच्याकडनं आलो की चार दिवस गोळी वाढवून घेतोय मी."

"मग न्हाई म्हणायचं."

"तुमी म्हणालासा पनीराला?"

चन्नाप्पांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मराठी संपली होती. ते कन्नडवर गेले आणि तिथे बराच वेळ राहिले. हंबीररावांना त्यातलं काही समजलं नाही, तरी ते प्रत्येक वाक्याला "आनि तुमी?" म्हणत राहिले. शेवटी दोघांचाही दम संपला. चन्नाप्पांनी कपाळावरचा घाम पांढऱ्या शर्टाच्या बाहीने पुसला, आणि बाही काळी झालेली बघून शर्टाची आशा सोडून दिली.

"जॅक कुठाय?" ते म्हणाले.

दोघांनी मिळून गाडी खाली शिरण्यापुरती उचलली, ठोकळे दिले. दार अजून कट्ट्यावर रुतलेलंच होतं. आत जायला चन्नाप्पाच आधी वाकले.

"सरका तिकडं. तेरा नंबरचा पाना द्या."

"हा तेराचाच हाय."

"हा बाराचा हाय. डोळं तपासा तुमचं."

पाना बाराचा होता. हंबीररावांनी तेराचा दिला आणि टॉर्च धरून बसले. चन्नाप्पांनी बोल्ट सैल केला, दांडी काढून अर्धा वळसा फिरवली आणि पुन्हा बसवली. जोडकाठी आता ओढूनताणून नव्हे, आपल्या पायाने चालत गेल्यासारखी जागेवर गेली. हंबीररावांना ते बघून बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा थोडा रागही आला.

"इंजिन लावायला पायजे," बाहेर येऊन अंग झाडत ते म्हणाले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आत दोन बायकाच आहेत, आणि भांडणापासून आतून एक शब्दही आलेला नाही. ते घाबरत खिडकीशी गेले.

आत दोघी पलंगावर शेजारी शेजारी, उतारामुळे अगदी खेटून बसल्या होत्या. डब्यातला चहा निम्मा झाला होता. शांतव्वांनी मघाशी डोळे पुसले असावेत, पण आता त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"पनीराहारी," आक्काताई म्हणाल्या आणि पुन्हा दोघी एकमेकींच्या अंगावर कलंडल्या.

"रागवू नको गं, आक्का," शांतव्वा म्हणाल्या. "खरं तर मलाबी आवडत न्हाई ते."

"मला तरी कुठं करायला येतंय? मोबाईल बघून करतीया. आधी सांगायचं न्हाईस व्हय?"

वर्षभर ज्या एकमेकींना विहीणबाई म्हणत होत्या त्या अगं-तुगंवर आलेल्या पाहून हंबीररावांना काय बोलायला आलो होतो तेच आठवेना. आठवल्यावर त्यांनी किल्ली फिरवायला सांगितली. आक्काताई उठू लागल्या, पण शांतव्वांनी त्यांना खाली बसवलं.

"मी लावते. माझंच नाव झालंय न्हवं."

त्या उतारावरून आधार घेत ड्रायव्हरच्या खुर्चीपर्यंत गेल्या, तिथे ऐसपैस बसल्या आणि त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं. टाकीत हवा भरत गेली. मग गाडीची डावी बाजू, शांतव्वांना पोटात घेऊन, सावकाश वर यायला लागली. ठोकळ्यांवरून उठली, कट्ट्यावरून सुटली, उजवीच्या बरोबरीला आली आणि थांबली. दार आपोआप किलकिलं झालं.

शांतव्वांनी खिडकीतून मान बाहेर काढून वर गॅलरीकडे पाहिलं.

"बाई आतच हाय," त्या म्हणाल्या.

धोंडुबाईंनी थोडा विचार केला. "मग ड्रायव्हर तुमीच बसा," त्या म्हणाल्या आणि कपडे वाळत घालायला लागल्या.

जोतिबाला जायला दुपार झाली. केर्ली सोडल्यावर घाट लागला, आणि घाटभर चन्नाप्पा बोलत होते. हंबीरराव गिअर उशिरा टाकतात, हॉर्न उगाच वाजवतात, वळणावर पोटात कालवतं. गाडीतला पंखा चुकीच्या जागी आहे. आणि खिडकीची ती पट्टी कोणत्या शहाण्याने बसवली? हंबीररावांनी पहिल्या दोन गोष्टी मान्य केल्या, तिसरीवर वाद घातला, चौथीला त्यांनी "उतरा मग" असं म्हटलं. चन्नाप्पा उतरले नाहीत. देवळात दोघांनी एकमेकांना गुलाल लावला तेव्हा तो जरा जास्तच जोरात लावला गेला, डोळ्यात गेला, आणि त्यावरूनही बोलाचाली झाली.

संध्याकाळी गडहिंग्लजची माणसं निघाली. एरवी निरोप घेताना चन्नाप्पा हात जोडून म्हणायचे, "आता एकदा गरिबाच्या घरी पाय लागूद्यात," आणि हंबीरराव म्हणायचे, "येऊ की, येऊ की," आणि दोघांनाही माहीत असायचं की सणवार आल्याशिवाय कोणी येत-जात नाही. आज चन्नाप्पांनी हात जोडले नाहीत. हंबीररावांचा जुना शर्ट त्यांच्या अंगात होता आणि तो त्यांना खांद्यात आखूड होत होता.

"पुढच्या आयतवारी या," ते रिक्षात बसता बसता म्हणाले. "वांगं करणार हाय. होळगी करणार न्हाई."

"येतो," हंबीरराव म्हणाले. आणि गाडीकडे बघून म्हणाले, "हीच घेऊन येतो."

चन्नाप्पांनी रिक्षातून मान बाहेर काढली. आज सकाळपर्यंत हा माणूस काहीही ऐकून घ्यायचा.

"आणा," ते म्हणाले. "पर दारात लावू नका. आमचा कट्टा नवा हाय."